ताप उतरला म्हणजे रजा संपली असं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. खेड तालुक्यातल्या एक ताई लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत साडेचार वर्षं नोकरी करतात. पगार १९,००० रुपये. जुलैत एका रविवारी त्या घरच्या लावणीला उतरल्या. आठवड्याभराने सणकून ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लालबुंद झाले. तपासणीत लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, निघाला. मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यामुळे खासगी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. तेव्हापासून विभागप्रमुखांचे रोज फोन सुरू आहेत: "ताप उतरला ना? मग घरात बसून काय करतेस?" त्यांनी घरून दोन रिपोर्ट टाइप करून घेतले. ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, "काहींना गणपती होईपर्यंत आजारी राहायचं आहे." आणि परवा म्हणाले, "शेतात जाऊन आजार ओढवून घेतलास, तो कंपनीने का सोसायचा? राजीनामा दे, बरी झालीस की परत घेऊ." ताई विचारतात, काय करू?

ताई, बाकीचं सगळं नंतर वाचलं तरी चालेल. राजीनामा लिहायचा नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. "फक्त फाइलला लागतो" म्हणून कुणी घरी कागद घेऊन आलं तरी "वाचून कळवते" एवढंच सांगायचं आणि तो कागद ठेवून घ्यायचा. परत घेण्याचा शब्द तोंडी आहे आणि राजीनामा लेखी असणार आहे. वाद झाला तर न्यायालयासमोर लेखी कागदच उभा राहतो. तुमची साडेचार वर्षं झाली आहेत हेही लक्षात घ्या. ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळतो, आणि ग्रॅच्युइटीच्या कायद्यात आजारपणामुळे पडलेला खंड सलग सेवेतच धरला आहे. म्हणजे आजारामुळे तुमची सेवा तुटत नाही. राजीनाम्यामुळे मात्र तुटते.

आता मूळ मुद्दा. मी आधी कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागात काम केलं आणि पुढे कामगारांच्या बाजूने कागद लिहिले. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की तुमच्यासारख्या प्रकरणात माणूस कायद्याला कमी आणि फोनला जास्त हरतो. तुमची रजा हा तुम्ही आणि आस्थापना यांच्यातला व्यवहार आहे. विभागप्रमुख त्या आस्थापनेचे एक कर्मचारी आहेत. त्यांची शिफारस लागेल, त्यांची नाराजी सोसावी लागेल, पण तुमचा आजार खरा की खोटा हे त्यांनी फोनवर ठरवायचं नसतं. गेले काही आठवडे तुमचं सगळं बोलणं त्यांच्याशीच झालं आहे आणि कंपनीच्या दफ्तरात तुमच्या आजाराचा एकही कागद नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. ते आजच बदला.

त्याआधी डॉक्टरांकडचा कागद नीट करून घ्या. "रुग्णास विश्रांतीची गरज आहे" एवढ्याने भागत नाही. लेप्टोत ताप आठवड्याभरात उतरतो, पण अंगातली ताकद परत यायला कित्येक आठवडे लागतात. ज्यांच्या मूत्रपिंडांवर किंवा यकृतावर परिणाम झाला त्यांना पुन्हा पुन्हा रक्त तपासावं लागतं. कोकणात हा आजार दर पावसाळ्यात असतो, तरी "ताप गेला म्हणजे बरा" हीच समजूत सगळीकडे आहे. तुमच्या साहेबांचीही तीच असेल. म्हणून प्रमाणपत्रात निदान, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कामास असमर्थ, पुढची तपासणी कधी, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का व सही हे सगळं असू द्या. तुम्ही प्रयोगशाळेत रसायनं हाताळता, उभ्याने काम करता, पाळीत येता हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. कामाचं स्वरूप माहीत असेल तर डॉक्टर नेमकं लिहू शकतात. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणं आणि रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं देणं हे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच नको. सहा आठवड्यांचं एकच प्रमाणपत्र घेण्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी तपासणी आणि त्या तारखेचं नवं प्रमाणपत्र हे कंपनीपुढे जास्त टिकतं.

मग पत्र. मेल असेल तर मेलने, आणि शिवाय स्पीड पोस्टाने पोचपावतीसह, मनुष्यबळ विभागाच्या नावे. मजकूर साधारण असा ठेवा:

"मी आपल्या कंपनीत अमुक विभागात काम करते, कर्मचारी क्रमांक अमुक. मला लेप्टोस्पायरोसिस झाल्यामुळे अमुक ते अमुक तारखेपर्यंत मी रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत कामावर न जाण्याचा सल्ला दिला आहे. डिस्चार्ज कार्ड व वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. या काळाची रजा मंजूर करावी. विश्रांतीची मुदत वाढली तर ती संपण्याआधी कळवेन. माझ्या रजेबाबत काही विचारायचे असल्यास कृपया लेखी विचारावे. प्रत: विभागप्रमुख, माहितीसाठी."

बस. साहेबांची तक्रार या पत्रात घालू नका. रागाचं एक वाक्य आलं की पत्र रजेचं राहत नाही, भांडणाचं होतं, आणि मग सगळे भांडणावरच बोलत बसतात. ग्रुपवर काय लिहिलं, फोनवर कोण काय म्हणालं, हे तारीख-वेळेसह एका वहीत लिहून ठेवा. ते मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका, ग्रुपमधून बाहेर पडू नका आणि ग्रुपवर उत्तरही देऊ नका. तुम्हाला काय झालं आहे हे मनुष्यबळ विभागाला आणि कंपनीच्या डॉक्टरांना कळणं पुरेसं आहे. ग्रुपवरच्या पंचवीस जणांना रिपोर्ट दाखवण्याची गरज नाही.

इथे आपल्याकडची एक अडचण येते आणि ती कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. साहेब बहुतेक वेळा शेजारच्याच गावचे असतात. नोकरी मामाच्या ओळखीने लागलेली असते. त्यांची बायको आणि आपली वहिनी एका माहेरच्या असतात. अशा माणसाला पोचपावतीचं पत्र पाठवायचं म्हणजे घरावर नोटीस लावल्यासारखं वाटतं, आणि घरातलीच माणसं म्हणतात, "कशाला वाकडं घेतेस, मामा जाऊन बोलतील." मामांनी जरूर जावं, पण पत्र पोचल्यानंतर. आधी गेले तर तुमच्या हक्काच्या रजेचं रूपांतर साहेबांच्या उपकारात होतं, आणि तो उपकार पुढची दहा वर्षं फेडावा लागतो. पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी साहेबांना एकदा फोन करून नम्रपणे सांगितलंत तर उत्तम: "साहेब, डॉक्टरांनी कागद दिला आहे, तो नियमाप्रमाणे ऑफिसला पाठवते आहे, तुम्हालाही प्रत येईल." एवढं सांगितल्यावर पाठीमागे काही केलं असं त्यांना म्हणता येणार नाही.

"शेतात जाऊन आजार ओढवून घेतलास" या बोलण्याने तुमचं मन खचलं आहे हे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत दिसतं. ते मनातून काढून टाका. आजारपणाची रजा आणि आजारपणाचा लाभ देताना कायदा आजार कुठे लागला हे विचारत नाही. आजार कामामुळे झाला का, हा प्रश्न कामावरच्या दुखापतीच्या भरपाईसाठी येतो आणि तो विषय वेगळा आहे. तुम्ही घरच्या खाचरात उतरलात. दूषित पाणी पायाच्या भेगेतून अंगात गेलं. यात गुन्हा कसला?

आता पैशांचं. तुमचा पगार २१,००० रुपयांच्या आत आहे, म्हणजे तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत, आपण ज्याला ईएसआय म्हणतो त्यात असायला हव्यात. पगारपत्रक काढा आणि ०.७५ टक्के कपात दिसते का बघा. १९,००० वर ती साधारण १४३ रुपये होते. मालक वर ३.२५ टक्के भरतो. कपात होत असेल तर आजारपणाचा रोख लाभ मिळतो: सरासरी रोजच्या पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. तुमच्या बाबतीत ढोबळमानाने दिवसाला ४४० रुपये. त्यासाठी आधीच्या ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. जुलै ते डिसेंबरमधल्या आजारासाठी १ ऑक्टोबर ते ३१ मार्च ही सहामाही बघतात. तुमची नोकरी जुनी आहे, त्यामुळे अडचण येऊ नये. आजाराचे पहिले दोन दिवस सहसा या लाभात धरत नाहीत, त्या दिवसांना शिल्लक रजा लावा.

तुम्ही खासगी रुग्णालयात होतात, म्हणून घरातल्या कुणाला तरी डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि बिलं घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात आणि शाखा कार्यालयात लवकर पाठवा. बाहेरच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र पर्यायी पुरावा म्हणून मान्य करायचं की नाही हे महामंडळ ठरवतं, आणि उशीर झाला की शंका वाढतात. तिथे जाणाऱ्याला विमा क्रमांक माहीत असू द्या. तुमची नेमणूक ठेकेदारामार्फत असेल, तर हा क्रमांक ठेकेदाराच्या नोंदीत सापडेल. अशा वेळी वरचं पत्र ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांनाही पाठवा.

घरून रिपोर्ट टाइप करण्याचा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो. ज्या दिवशी तुम्ही काम केलं किंवा ज्या दिवसाचा पगार घेतला, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. साहेब "अर्ध्या तासाचं तर काम आहे" म्हणतात, पण ते अर्ध्या तासाचं काम तुमच्याच नावाने नोंदलं जातं आणि उद्या "ही तर काम करत होती" म्हणून तुमच्याच विरुद्ध दाखवलं जातं. झालं ते झालं. त्या दोन दिवसांची तारीख शाखेत प्रामाणिकपणे सांगा आणि यापुढे काम स्वीकारू नका. फोन आलाच तर एकच वाक्य ठरवून ठेवा: "साहेब, डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत काम करायला मनाई केली आहे, कागद ऑफिसला दिला आहे." त्यावर वाद घातला तरी तेच वाक्य. दिवसातून दुसऱ्यांदा फोन आला तर उचलायची सक्ती नाही. एक मेसेज करा: "आराम करते आहे, कृपया लिहून पाठवा, संध्याकाळी बघेन." फोन घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. आजारी माणसाच्या उशाशी साहेबांचा फोन वाजत राहिला तर औषधाचा अर्धा गुण तिथेच जातो.

साहेबांची बाजूही बघायला हवी, कारण त्यातूनही मार्ग निघतो. पावसाळ्यात निम्मी माणसं आजारी, उरलेली गणपतीच्या रजेचे अर्ज घेऊन उभी, वरून मुंबईच्या ऑफिसचा तगादा आणि बदली माणूस मिळत नाही. बहुतेक विभागप्रमुख या कोंडीतच आरडाओरडा करतात. त्यांना खरंतर हवं असतं ते हे, की कुठला नमुना कुठे ठेवला, कुठल्या उपकरणाची तपासणी बाकी आहे, पासवर्ड कुणाकडे आहे. हे सगळं एकाच पानावर लिहून द्या आणि सोबत "पुढची विचारपूस अमुक सहकाऱ्याकडे करावी" असं लिहा. रजेच्या पत्राबरोबर हे पान गेलं की निम्मे फोन थांबतात असा माझा अनुभव आहे. जे त्यानंतरही थांबत नाहीत, ते कामासाठी नसतात आणि त्यांची नोंद वहीत गेलीच पाहिजे.

गणपतीबद्दल स्पष्ट सांगते. भाद्रपदात कोकणातला माणूस आजारी पडला की त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, हे खरं आहे आणि अन्यायाचं आहे. घरच्या गणपतीसमोर बसून आरती करायला कुठलंच प्रमाणपत्र आड येत नाही. मात्र ईएसआयचा लाभ घेणाऱ्याने उपचार चालू असलेला भाग डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सोडायचा नसतो आणि बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नसतं. म्हणजे माहेरच्या गणपतीला राजापूरला जायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि त्यांची परवानगी लिहून घ्या. रात्रभराच्या फुगड्या, गौरीच्या दिवशीची धावपळ, बांधावरचं गवत कापणं हे यंदा दुसऱ्यांना करू द्या. तुमच्या शरीरासाठी ते गरजेचं आहेच. शिवाय कुणीतरी काढलेला एक फोटो साहेबांच्या फोनवर पोचायला वेळ लागत नाही.

"गैरहजर म्हणून नाव कमी करू" ही धमकी बहुतेक पुढे येईल. पुष्कळ कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, रजा संपल्यावर आठ दिवसांत न परतल्यास नोकरीवरचा हक्क जातो असं कलम असतं, आणि दहा दिवसांहून अधिक विनापरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन धरलेलं असतं. म्हणूनच प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी पुढचं पत्र गेलं पाहिजे, मध्ये एक दिवसही रिकामा राहू देऊ नका. आणि तसं कलम असलं तरी चौकशी न करता, म्हणणं ऐकून न घेता नाव कमी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डी. के. यादव यांच्या खटल्यात, नेमक्या आठ दिवसांच्या अशाच कलमाबद्दल हे सांगितलं आणि त्या कामगाराला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला लावलं. १९४८ च्या राज्य विमा कायद्यानेही आजारपणाचा लाभ चालू असताना कामावरून काढण्याला किंवा शिक्षा करण्याला मनाई केली. खूप लांबलेल्या आजारात या संरक्षणाला मर्यादा येतात, पण सहा आठवड्यांचा प्रश्न त्यात बसत नाही. चार नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत, म्हणून पत्रात जुन्या कायद्याचे कलम-क्रमांक टाकू नका. घटना, तारीख आणि मागणी लिहा, कलम लावायचं काम वकील करतील.

कारखान्याबाहेरच्या वाचकांसाठी दोनच ओळी. दुकानं, हॉटेलं आणि खासगी कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वेगळी आजारी रजा नाही, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि साठवलेली अर्जित रजा यांवरच भागवावं लागतं. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९८१ चे रजा नियम आहेत. त्यात वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते.

परत कामावर जाण्याची तयारी आठवडाभर आधी सुरू करा. मूत्रपिंडांचं काम कसं चाललं आहे हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन पुन्हा तपासा आणि डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घ्या. काही दिवस रात्रपाळी नको, सॉल्व्हंट हाताळायला नको असं डॉक्टरांचं मत असेल तर ते त्यातच लिहून घ्या. हलकं काम देण्याची सक्ती कायदा सरसकट करत नाही, पण लेखी वैद्यकीय सल्ला फाइलला असताना तो डावलून माणूस रसायनात उभा करायला कंपनीचे डॉक्टर सहसा तयार होत नाहीत. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या असतात आणि तुम्हाला तुमची नोंद बघायला मिळते. ती बघा.

रुजू होण्याच्या दिवशी गेटवर अडवलं, "साहेबांना विचारून सांगतो" म्हणून परत पाठवलं, तर घरी येऊन उद्याची वाट बघू नका. नोकरी गेलेल्या पुष्कळ जणांचं घोडं इथेच अडतं: ते हजर झाले होते याचा पुरावा नसतो आणि कंपनी म्हणते की आलेच नाहीत. त्याच दिवशी, शक्य तर गेटसमोरूनच मेल करा: "आज अमुक वाजता तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रासह कामावर हजर झाले. सुरक्षारक्षकांनी आत सोडले नाही. मी काम करण्यास तयार आहे. कधी हजर व्हावे ते लेखी कळवावे." तोच मजकूर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत कुणाला तरी घेऊन जा, बसचं तिकीट जपून ठेवा. चार-पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर या सगळ्या प्रती घेऊन रत्नागिरीच्या सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. कंपनीत संघटना असेल तर तिच्या पदाधिकाऱ्याला सोबत न्या. अनुचित कामगार प्रथेची तक्रार १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली घटनेपासून ९० दिवसांत करायची असते, म्हणून गेटवर अडवल्याची तारीख वहीत ठळक लिहून ठेवा.